तांबड्या दोऱ्याची बाटली

४ मार्च

भिंगरे,

तुला एक आजी आहे. आठवण करून देते, कारण डबा शाळेत, छत्री बसमध्ये आणि एकदा तर डाव्या पायातला बूट न्हाव्याच्या दुकानात विसरून आलेल्या मुलीचा भरवसा काय धरायचा. बूट निदान मिळाला होता. आजीही कुठेतरी ठेवलेली आहे असं समज आणि शोधून तिला पत्र लिही.

हे मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय, नेहमीसारखं. तुझा बाप ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलाय. फोन कानाला लावला की मला नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा आपलं पत्रच बरं. तुझ्या आईचं अक्षर म्हणे शाळेच्या कचेरीत नावाजलेलं आहे. मला अक्षराचं काय कळतंय. पण तू जिथे बीअर बनवतेस त्याला मी ‘भट्टी’ म्हटलं की ती ‘कारखाना’ लिहिते, हे मला कळतं. ‘भट्टी’ लिहायला पेन एवढा वेळ चालत नाही.

तुझं मागचं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं. टाक्या धुतल्या, मालकीणबाईंनी नवा पंप बसवला, त्यांचा कुत्रा पंपाला भ्याला. पण भिंगरे, त्यात एकही वास नव्हता. आधीच्या प्रत्येक पत्रात असायचा. गरम धान्याचा, तुझ्या त्या हिरव्या फुलांचा, ओल्या फरशीचा. लहानपणी तू डोळे मिटून सांगायचीस जिन्यावरून कोण येतंय ते. आता या पत्रात कुत्रा आहे आणि त्याला वास नाही. काय झालंय?

तुझी आई म्हणते, कामात असेल पोरगी. असेल. मला काम नाही, म्हणून मला शंका येतात.

पाकिटात दोरा घातलाय. ती माझी सही. आज सुईत करडा होता.

आजी


११ मार्च

आजी, आणि हे वाचून दाखवणारी आई,

तुझ्यापुढे पांघरूण घालून उपयोग नाही, आजी. मागच्या महिन्यात ताप आला होता. तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे आता गरम पाणी. लोणी आणि साबण यांतला फरक बोटांना कळतो, नाकाला नाही. जिभेला कडू, गोड, आंबट, खारट एवढं कळतं, बाकी सगळं काम नाकच करत होतं हे ते रजेवर गेल्यावर समजलं. डॉक्टर म्हणतात, वाट बघा, बऱ्याच जणांचा परत येतो.

मालकीणबाईंना सांगितलेलं नाही. बीअर बनवणारीला वास येत नाही म्हणजे शिंप्याला दिसत नाही म्हणण्यासारखं आहे.

आता अडचण ऐक. आमच्याकडे आतापर्यंत फिकी, साधी बीअर व्हायची. राय घालून आणि हॉप्स सढळ हाताने घालून काही वेगळं करू या, असा हट्ट मीच धरला. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं एक काळपट, तिरसट धान्य. हॉप्स म्हणजे तीच हिरवी फुलं, बीअरचा कडूपणा आणि सुगंध त्यांच्यामुळे. दोन टाक्या भरल्या आहेत. कृती एकच, पण दोन टाक्या कधी जुळ्या निघत नाहीत. माझ्या जिभेला दोन्ही सारख्याच कडू लागतात. फरक असेल तो नाकाचा, आणि नाक नाही.

२८ तारखेला, शनिवारी, हॉटेलांसाठी खरेदी करणारे गृहस्थ चाखायला येणार आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, “बीअर तुझी, टाकी तू निवड. त्यांना पटली तर ही बीअर चालू. नाही पटली तर परत साधी, आणि साधीला मला तू लागत नाहीस.” रागाने नाही म्हणाल्या. जेवताना मीठ पुढे कर म्हणतात तशा म्हणाल्या.

कामावरच्या कुणाला चाख म्हटलं तर विचारेल, तू का नाही चाखत.

म्हणून दोन बाटल्या पाठवतेय. चिठ्ठ्या लावून तुला उपयोग नाही, तेव्हा गळ्यात दोरे बांधलेत. एकीला तांबडा, एकीला पांढरा. गार कर, पण बर्फासारखी नको. पेल्यात ओत. आधी नाक, मग जीभ, मग गिळल्यावर मागे काय राहतं ते. कुठली चांगली आणि का, सगळं सांग. तुझेच शब्द मी तिथे बोलणार आहे. आणि खरं सांग, माझ्या भल्यासाठी खोटं नको.

आई, कपाळावरच्या आठ्या काढ. फक्त लिहायचंय तुला.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

तुझी आई ‘राय’ म्हणाली आणि मला ‘राई’ ऐकू आलं. म्हटलं, पोरीने मोहरीची बीअर केली, आता पिऊन शिंकायचं. मग तिने मोठ्याने सांगितलं, तेव्हा भीती गेली. वासाचं ऐकून काही बोलायचं होतं, पण ते पत्रात मावणारं नाही. वाफ घे.

काल दुपारी चाखली, आज सांगतेय. नशेत लिहून घेतलं असं कोणी म्हणायला नको.

पहिली उघडली ती पांढऱ्या दोऱ्याची. ओतली तशी फेसाची टोपी घालूनच पेल्यात उतरली. रंग जास्त उकळलेल्या चहाचा. नाक घातलं. आधी संत्र्याची साल, नुकती सोललेली, बोटाला तेल लागतं ना तशी. तिच्या मागून रंधा मारलेलं लाकूड, आपल्या खालच्या सुताराच्या दारातून जाताना येतो तो वास. मग घोट घेतला. कडू. पण औषधाचं कडू कसं, पाहुणा उठायचं नाव घेत नाही तसं तोंडात ठाण मांडतं. हे आलं, टेकलं, आपलं काम सांगितलं आणि उठलं. ते गेल्यावर जिभेच्या कडेला मिऱ्याचा चिमटा, तो तुझ्या तिरसट धान्याचा असावा. गिळल्यावर पावाची काळी कड उरते, करपायच्या जरा आधीची. पहिला घोट तुझ्यासाठी घेतला. दुसरा माझा मी घेतला.

दुसरी उघडली. दिसायला पहिलीची सख्खी बहीण. नाक घातलं आणि माळ्यावरचं खोकं उघडलं. भिजून वाळलेला पुठ्ठा. संत्रं आहे, पण कालचं, कापून ठेवलेलं. तोंडात मवाळ, गोडसर, भांडत नाही आणि काही सांगतही नाही. हिला कुठेतरी वारा लागलाय.

तर पहिली दे. दुसरीला विसर, ते तुला छान जमतं.

दोन्ही बाटल्या अर्ध्या उरल्या होत्या, बूच लावून खिडकीत ठेवल्या. तुझ्या आईला म्हटलं, एक घोट घे, पोरीची करामत आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझाच पेला मी खाली ठेवला.

दोरा घातलाय. पाकीट मी माझ्या हाताने चिकटवणार आहे.

आजी

ता. क. जेवण वेळेवर घेत जा. नाकाचं आधी कळवायला हवं होतंस. मी अर्थातच चव घेतलेली नाही. — आई


२७ मार्च

आजी,

पत्र आज दुपारी मिळालं. चाखणं उद्या आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते, कारण दुसरं कोणाला सांगू.

पत्रात लिहिलंय, पहिली म्हणजे पांढऱ्या दोऱ्याची. आणि पाकिटातून पडला तांबडा दोरा. तुझ्या सुईतला नाही. बाटलीच्या गळ्यात मी बांधलेला, माझ्या गाठीसकट. तिच्याशेजारी आणखी एक गाठ, बारीक आणि घट्ट. तुझी.

मग मी पत्र उजेडाला धरलं. ‘पांढऱ्या’च्या आधी एक शब्द खोडलाय. ‘तां’ एवढंच दिसतं.

आईला फोन लावला.

“पत्रात लिहिलंय तेच,” ती म्हणाली.

“मग दोरा तांबडा का?”

“दोरा म्हणजे आजींची सही. हाताला लागला तो घातला असेल.”

“एक शब्द खोडलाय तू.”

“पेन अडकलं.”

“तुझं पेन कधी अडकत नाही, आई.”

ती म्हणाली, “पांढरीच दे. मवाळ असतं तेच लोकांना आवडतं,” आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्राप्रमाणे मवाळ आहे ती तांबडी. पांढरी भांडखोर आहे. मग आई पांढरीला मवाळ कशी म्हणाली?

आजी, तू माझ्या रुमालाला गाठ मारायचीस. ‘डबा विसरू नको’ची गाठ. पण ‘गॅसला हात लावायचा नाही’चीही गाठ तूच मारायचीस. या दोऱ्यावरची कुठली? हीच दे, की हिच्या वाटेला जाऊ नको? दोन्ही टाक्यांशी मघाशी जाऊन उभी राहिले. दोन्हींत नाक घातलं. पत्र्याच्या भिंतीत नाक घातल्यासारखं वाटलं.

उद्या सकाळी नळ एकाच टाकीला जोडायचाय. दोन्ही पुढे ठेवल्या तर मालकीणबाई म्हणतील, तुला निवडता येत नाही, आणि ते खरंच आहे.

भिंगरी


१ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र वाचता वाचता तुझी आई मध्येच चहा ठेवायला उठली. पत्राच्या मध्यात चहा ठेवणारी ही बाई नव्हे. चहा आला, तो गार झाला. मी म्हटलं, सूनबाई, पुढचं वाच. ती म्हणाली, संपलं. मी म्हटलं, माझी नात सही न करता पत्र संपवत नाही आणि तू अजून ‘भिंगरी’ म्हणालेली नाहीस.

मग तिने सगळं वाचलं.

आता हे पत्र तीच लिहितेय, मीच लिहायला लावतेय. लिही म्हटलं, ‘शब्द मी बदलला’ असं लिही. हात थांबला होता, आता चाललाय. पण काय चाललंय ते मला दिसत नाही, म्हणून तुला काम सांगते. पुढच्या पत्रात हे शब्द तू मला परत पाठव. परत आले म्हणजे मी समजेन की इथून निघाले होते.

मी सांगितलं होतं, पहिली तांबड्या दोऱ्याची. तिचा दोरा सोडला, माझी गाठ मारली आणि पाकिटात घातला. तुझ्या विसरभोळेपणासाठी घातला होता ग. घरातच कोणी शब्द फिरवेल असं वाटलं नव्हतं. ‘भट्टी’चा ‘कारखाना’ होतो तोवर मी हसत होते.

तिला मी नको ते बोलले. म्हटलं, तुला मुलगी घरी ओढायची आहे, म्हणून तिचं काम बुडवलंस. ती रडली नाही, चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, मला माझं लिहू द्या. तर लिहू दे.

बाळा, इथून मी लिहितेय. शब्द मी बदलला. चाखल्याच्या दिवशी आजी झोपल्यावर खिडकीतली बीअर मी प्याले. दोन्ही. आयुष्यात पहिल्यांदा. तांबड्या दोऱ्याची मला घशात ओरखडा काढल्यासारखी लागली. पांढरी आवडली. आजी म्हणतात तो पुठ्ठा मलाही लागला, पण मला तो आमच्या कचेरीतल्या जुन्या रजिस्टरांसारखा वाटला, बरा वाटला. मनात आलं, आजींना लग्न झाल्यापासून पाहतेय, यांना सगळं कडक लागतं. भाजी करपली तरी म्हणणार, आता चव आली. कशात मीठ किती हे या घरात त्याच ठरवतात. यांच्या जिभेवर तुझी नोकरी कशी टाकू? तू घरी यावीस म्हणून मी हे केलं नाही. यावीस असं वाटतं, ते निराळं. फोनवर तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही.

झालं तिचं. मी वाचून घेतलं. मग गार झालेला चहा मी तापवून तिच्यापुढे ठेवला.

शनिवार होऊन गेला आणि तुझा पत्ता नाही. फोन वाजला की तुझी आई उठते, फोनपाशी जाते आणि नुसती उभी राहते. कुठल्या टाकीला नळ जोडलास? बरं झालं असो, वाईट झालं असो, लिही.

दोरा तिने ओवलाय, गाठ मी मारलीय.

आजी


७ एप्रिल

आजी, आई,

आधी सांगितलेलं काम. आजी, पत्रात लिहिलंय, “शब्द मी बदलला.” दोनदा लिहिलंय, एकदा तुझ्या सांगण्यावरून आणि एकदा तिचं तिने. खोडाखोड कुठेच नाही.

फोन मुद्दाम केला नाही. रागावले होते आणि कोणावर ते ठरत नव्हतं.

शनिवारी सकाळी नळ हातात घेऊन दोन्ही टाक्यांच्या मध्ये उभी होते. दोरा मनगटाला बांधला होता. गाठीचा अर्थ लागेना, पण एक गोष्ट सुचली. नको असलेल्या वस्तूची खूण आजी जपून ठेवत नाही. नासकं फळ ती सालीसकट फेकते, साल पाकिटात घालून पाठवत नाही. तांबड्या टाकीला नळ जोडला.

खरेदीवाले गृहस्थ शांत होते. पेला उजेडाला धरला, हुंगला, घोट घेतला आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी बोलायला लागले. संत्र्याची साल, बोटाला लागणारं तेल, रंधा मारलेलं लाकूड. येऊन, टेकून, काम सांगून उठणारा कडूपणा. तेव्हा ते हसले आणि त्यांनी दुसरा घोट घेतला. आजी, तुझ्यासारखाच. तो त्यांनी स्वतःसाठी घेतला, मला कळलं.

मग त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. “जरा कोमट झाली की वास बदलतो हिचा. आता बघा, कशाचा येतो?”

हे तुझ्या पत्रात नव्हतं. मी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. मिरी म्हणता आलं असतं, मध म्हणता आलं असतं, काहीही खपलं असतं. मी म्हटलं, “मला नाही सांगता येत. मला वास येत नाही. तापानंतर गेला. मघाशी बोलले ते माझ्या आजीचे शब्द.”

मालकीणबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. इतक्या हळू की आवाज झाला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

गृहस्थांनी बीअर घेतली. म्हणाले, ही थोड्यांना आवडेल, पण ज्यांना आवडेल ते परत मागतील. आणि जाताना म्हणाले, “हिच्याच घरातली एखादी मवाळ करा. सगळ्यांना एवढं कडू झेपत नाही.” आई, हे तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलंय.

ते गेल्यावर मालकीणबाईंनी पांढऱ्या टाकीतली चाखली, तोंड वाकडं केलं आणि झडप उघडून सगळी गटारात सोडली. बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “नाक गेल्याचा राग नाही. मला सांगितलं नाहीस, त्याचा आहे.” नाक येईपर्यंत मी शिजवायचं आणि चाखायचं त्यांनी. पुढच्या टाकीनंतर बघू, म्हणाल्या. ‘बघू’ म्हणजे काय ते मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. पण आज कामावर आहे. मवाळ रायची कृती लिहून दे म्हणाल्यात.

आई, मला तुझा राग आला होता. तू एकटी स्वयंपाकघरात उभी राहून बीअर पितेयस असं डोळ्यांपुढे आलं आणि तो नीट टिकला नाही. पुढच्या वेळी स्वतःचं मत स्वतःच्या नावाने लिही. मला दोन्ही लागतील.

उरलेल्या रायचा पाव भाजायला शिकलेय. परवाचा करपला. धूर दिसल्यावर कळलं.

भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरे,

पत्र आलं. ‘मवाळ करा’ हे वाक्य तुझ्या आईने मला एकदा वाचून दाखवलं, मग मी मागितलं नसताना आणखी एकदा. काल भाजीत मीठ तिने मला न विचारता घातलं. मी खाल्लं. कमी होतं. बोलले नाही, हे पत्रात घाल म्हटलं.

तुझा ‘बघू’ माझ्या छातीत अडकून बसलाय. मालकीणबाईंचं चुकत नाही. मला नाही का तू पत्रातला वास गाळून फसवायला निघाली होतीस. तेव्हा आता नाकाचं जे असेल ते त्यांना रोज सांग. काही नाही, तर काही नाही असं सांग. मला दर पत्रात लिही. कुत्र्यापासून सुरुवात कर.

मवाळ बीअर झाली की तुझ्या आईसाठी पाठव, ती म्हणते नको, मी म्हणते पाठव, आणि तिने दोन्ही लिहिलंय. वाचून बघ, माझा विश्वास बसलाय.

तोवर तो रायचा पाव पाठव. दोन पाठव. एक कड काळी होईपर्यंत भाजलेला, एक मऊ, आधीच काढलेला. करपला तरी चालेल, फेकू नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नको, शाईचा वास लागतो. फडक्यात बांध. आणि दोरे लावू नकोस. कुठला कोणाचा ते आम्ही दोघी चाखून ठरवू.

आजी